पंचफुला कोणासोबत जेवते

पंचफुलाच्या भरतात मीठ कमी असते. हे मी जळून सांगून रायली असं कोणी म्हणू नका. जळते तं मी हावच, त्यात लपवासारखं काही नाई. पण मीठबी कमीच असते. वांगे ती गॅसवर भाजते. माझ्याकडे आजबी तुराट्या पेटवून भाजतात. तुरीच्या वाळल्या काड्यांचा तो धूर वांग्यात उतरला पायजे, मंग त्यात कांद्याची पात अन् सांभार, म्हणजे तुमची पुण्या-मुंबईची कोथिंबीर. त्याले भरीत म्हणतात. पंचफुलाची भाकर एका बाजूनं जाड, वरण पातळ, कढी कधी आंबट तं कधी गुळचट. अन् तरीबी वलगाव रोडवरच्या तिच्या टिनाच्या शेडपुढे दुपारी बारा वाजता गाडी लावाले जागा नसते. रस्ता ओलांडला की समोर माझं 'रुख्मिणी भोजनालय', तिथं पंखे रिकाम्या खुर्च्यांवर फिरत असतात. आता तुमीच सांगा, जळू नाई तं काय करू?

हे सारं मी एकवेळ गिळलं असतं. पण माझ्या पोटच्या पोरीनं, प्रणालीनं, आपल्या साक्षगंधाचं, म्हणजे तुमच्या साखरपुड्याचं, जेवण पंचफुलाकडे ठेवाचं म्हणलं, तवा माझं डोकं फिरलं. आईचं भोजनालय असून लेकीची पंगत समोरच्या शेडमंदी बसणार, अन् सारी वस्ती ते पाहणार. हे काही मी होऊ देणार नोती. पण ते पुढे सांगते. पहिले ही पंचफुला कोण ते ऐका.

ती दर्यापूरकडची. नवऱ्यानं दुसरी आणली तवा एका पिशवीत दोन लुगडे घेऊन जीपमंदी बसली अन् अमरावतीत उतरली. माझ्या भोजनालयाच्या मागच्या दारात येऊन उभी रायली, ते दिवस चैत्राचे. भांडे घासाले बाई पायजेच होती. मी ठेवून घेतलं. पुढे भाकरी थापाले शिकवलं, मसाला भाजाले शिकवलं, कढीले उकळी कवा येऊ द्याची ते शिकवलं. अकरा वर्षं माझ्याकडे होती. उलटून बोलणं नाई, सुट्टी मागणं नाई. खोड एकच. भाकर थापता थापता ती बाहेर पाहे. कोण आलं, कोण कुठं बसलं, कोण कसं जेवून रायलं. मी किती डाव म्हणलं, तुही नजर तव्यावर पायजे, गिऱ्हाईक पाहाले मी हाव. हो ताई म्हणे, अन् पुन्हा पाहे.

अन् एका दिवाळीनंतर मले म्हणते कशी, ताई, समोरची टायरवाल्याची शेड खाली झाली, मी घेऊ का? मले हसूच आलं. म्हणलं घे. हिच्याकडे कोण कुत्रं जेवाले येणार, असं मनात म्हणलं. खोटं कावून सांगू?

पहिलं गिऱ्हाईक गेलं ते मोरोपंत सर. कॉलेजात संस्कृत शिकवत, आता रिटायर. बायको गेल्यापासून बारा वर्षं दुपारचं जेवण माझ्याकडेच. वर-खाली दोन्ही कवळ्या, त्यामुळे एक भाकर खाले पाऊण तास. माझ्या भोजनालयात बारा ते दोन म्हणजे हातघाई. तिथं मी भिंतीवर पाट्या लावून ठेवल्या हायेत, चांगल्या रंगवून घेतलेल्या. जेवण होताच टेबल सोडावा. ताटात अन्न टाकू नये. मोबाईलवर मोठ्यानं बोलू नये. दोन टेबल जोडू नये. अशा सात पाट्या. शिस्त नसली तं धंदा होत नाई, हे माझं पहिलेपासून. मी गल्ल्याजवळ उभी राहून सारे ताटं पाहत असे, अन् कोणाचं संपलं दिसलं की वाढणाऱ्या बाईले डोळ्यानं खूण करे.

त्या दिवशी सरांचा हात थांबलेला दिसला. जेवण संपलं समजून मीच गेली, ताट उचललं अन् टेबल पुसून टाकला. सर हात तसाच हवेत धरून बसले, मंग उठून हात धुवाले गेले. मागून बाई म्हणली, ताटात भरताचा एक घास होता, ते सर शेवटी खातात, ठेवून देतात. मी म्हणलं, एका घासानं काय होते? उद्या दोन वाढू. पण उद्या सर आले नाई. परवाबी नाई. तिसऱ्या दिवशी मी दारातून पायलं तं छत्री टेकत टेकत रस्ता ओलांडून पंचफुलाच्या शेडमंदी शिरून रायले होते.

त्याईच्या मागोमाग बँकेचे लोक गेले. मंग नर्सिंगच्या पोरी. मंग वरूड-शेंदूरजनाचे संत्र्याचे व्यापारी, जे माझ्या भरताची कसम खात. मी म्हणलं नवलाई हाय, उतरन. दोन वर्षं झाले, उतरली नाई.

तवापासून माझं एकच काम. गल्ल्याजवळ बसाचं अन् समोर पाहाचं. काय हाय तिथं? मी मोजून काढलं. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, त्याबी दोन रंगाच्या. पेले एकासारखा एक नाई. एसी नाई, कूलर एक, तो घरघर करते. हात पुसाले कागद नाई, पंचा टांगलेला. पाटी एकबी नाई, नावाचीबी नाई. अन् सगळ्यात वाईट म्हणजे ही बाई, मालकीण असून, दुपारी अडीच-तीन वाजता गिऱ्हाइकासमोर ताट घेऊन जेवाले बसे. मी माझ्या डोळ्यानं पायलं. कधी ट्रकवाल्यासमोर, कधी एखाद्या पोरीसमोर, बहुतेक डाव मोरोपंत सरांसमोर. मले वाटे, लाज नाई का हिले? मालकिणीनं कसं मालकिणीसारखं राहावं.

मंग मीबी काही कमी केलं नाई. एसी बसवला. टेबलांले नवा सनमायका लावला. मोबाईलवर लोकं चांदण्या देतात म्हणे, म्हणून भाच्याले सांगून आमच्या थाळीचे फोटो टाकले. लोकं आले, फोटोतल्यासारखीच थाळी खाल्ली, चव चांगली म्हणले अन् गेले. दुसऱ्या दिवशी समोर दिसले. चव चांगली म्हणूनबी माणूस दुसरीकडे जाते, हे कोणत्या जगात असते?

शेवटी मी नवऱ्यालेच धाडलं. खुशालराव माझे सरळ माणूस, गल्ल्यावर बसतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याईले बजावलं, जा, जेवा, अन् तिखट-मीठ काय, तेल किती, वरणात हिंग हाय का, सारं पाहून या. साडेबाराले गेले, ते अडीचले आले. मी विचारलं, भरीत कसं होतं? तं म्हणे, होतं चांगलं. मीठ? म्हणे, ध्यान नाई गेलं. हिंग? म्हणे, अवं, शेजारी एक अकोल्याचा मास्तर बसला होता, त्याच्या अन् माझ्या मामाची सोयरीक निघाली, बोलता बोलता किती वाजले समजलंच नाई. अन् हे सांगताना तोंडावर कसं हसू! बत्तीस वर्षांत माझ्या हातचं जेवून हा माणूस तसा हसला नाई. दोन दिवस मी त्याईच्याशी बोलली नाई. तिसऱ्या दिवशी बोलली, ते भांडाले.

अन् त्याच महिन्यात प्रणालीचं जमलं. प्रणाली अकोल्याले शाळेत शिकवते, शनिवारी बसनं येते. पाहुणे दर्यापूरचे, घरची शेती, मुलगा इंजिनेर, मानसं चांगले. साक्षगंध आमच्याकडे कराचं ठरलं. मी तं मनात सारा बेत मांडला होता. भरीत, पातोडीचा रस्सा, कढी, गव्हाची खीर. आपलं भोजनालय एक दिवस बंद ठेवून आपल्याच लेकीची पंगत. मी चाळीस वर्षांची झाली तवापासून हाच एक दिवस डोळ्यापुढे धरून मी चुलीपुढे भाजून निघाली.

शनिवारी प्रणाली आली, बॅगबी खाली ठेवली नाई अन् म्हणते, आई, जेवण पंचफुलामावशीकडे ठेवू.

मले वाटलं मस्करी करून रायली. मी विचारलं, माझ्या हाताले काय झालं? तिनं खाली पायलं. पोरगी माझी गुणी हाय, कधी दुखवून बोलत नाई, म्हणून तर ते जास्तच लागलं.

"आई, तुझ्या हातासारखं जेवण कुठंच नाई. पण तुझ्याकडे जेवताना असं वाटते की कोणीतरी घड्याळ धरून उभं हाय. मले त्या दिवशी लोकं निवांत बसलेले पाहाचे हायेत."

मी उठून मागे गेली अन् मिरच्या निवडत बसली. त्या रोजच्या मिरच्या निवडलेल्याच होत्या. परक्यानं म्हणलं असतं तं मी त्याचं सात पिढ्याचं काढलं असतं. पोटच्या पोरीचं काय काढाचं?

सोमवारी मी ठरवलं. पंचफुलाले जाऊनच सांगाचं की प्रणाली विचाराले आली तं तू नाई म्हण. मी तुले अकरा वर्षं ठेवलं, तेवढं तू माझ्यासाठी करू शकतं. पोरीसमोर माझी मान खाली जाणार नाई, अन् विषय मिटन. गर्दी ओसरल्यावर, दोनच्या पुढे, डोक्यावर पदर घेऊन मी रस्ता ओलांडला. दहा पावलं, पण दोन वर्षांत ते मी कधी टाकले नोते.

मले पाहून ती धावतच आली. ताई आल्या, ताई आल्या, म्हणून पदरानं खुर्ची पुसली. मी उभ्यानंच बोलाचं ठरवलं होतं. ती म्हणली, पहिले जेवा, मंग बोलू. मी म्हणलं जेवाले नाई आली. तोवर ताट आलंबी होतं. अन् खरं सांगू, सकाळपासून पोटात काही नोतं. धंदा करणाऱ्या बाईचं जेवण म्हणजे चार वाजता चुलीजवळ उभ्यानं, उरलंसुरलं, एका हातानं.

बसली. म्हणलं आता बारकाईनं पाहू हिची करणी. तिनं मले भिंतीकडे तोंड करून नाई बसवलं, दाराकडे तोंड करून बसवलं, येणारा-जाणारा दिसे असं. नंतर ध्यानात आलं, भिंतीकडे तोंड असलेली एकबी खुर्ची तिथं नोती. पहिले पाण्याचा तांब्या आला, पेला अर्धा भरून. मंग ताट, त्यात सारं थोडं थोडं. टेबलावर मिठाची वाटी. मी मनात म्हणलं, पाय, मीठ वरून घ्यावं लागते, हे काय जेवण! भरीत खाल्लं. बेचव, धूर नाई, मीठ नाई. मले बरं वाटलं.

पण अर्धी भाकर संपली तवा कोणी न मागता उरलेली अर्धी गरम आली. कोणी 'आणखी काय' असं ओरडलं नाई. शेजारच्या टेबलावर दोघं कशावरून तरी हसून रायले होते, त्याईचे ताटं केव्हाचे रिकामे, हात वाळून गेले, पण ते ताटं कोणी उचलत नोतं. माझा हात शिवशिवला. उठून उचलून टाकावे वाटले. पंचफुला चुलीजवळून पाहत होती, पण ताटांकडे नाई, मानसांच्या तोंडांकडे. ती तव्यावरून पाहाची जुनी खोड. अकरा वर्षं मी ज्यासाठी तिले रागावली तेच ती करून रायली होती.

हळूहळू लोकं उठले. मी एकटीच उरली. पानात एक घास होता. मले लाज वाटली, एवढ्या मोठ्या शेडमंदी एकटीच जेवून रायली म्हणून, अन् मी घाईनं घास उचलला. तेवढ्यात पंचफुला आपलं ताट वाढून घेऊन आली अन् माझ्यासमोर बसली. भाकर मोडली, खाऊ लागली. तिचं जेवण नुकतं सुरू झालं म्हणल्यावर मले घास पानात ठेवून थांबावं लागलं. मी अजून थोडी कढी घेतली.

मी विचारलंच. म्हणलं, ही काय तऱ्हा तुही? मालकीण असून गिऱ्हाइकासोबत जेवते?

ती म्हणली, "शेवटचा माणूस एकटा रायते ना ताई. सारे उठले की त्याले घास जात नाई. म्हणून मी माझं जेवण शेवटच्यासोबतच ठेवलं. हे तुमच्याकडूनच तं शिकली."

मी म्हणलं, माझ्याकडून? मी कोणासोबत जेवली?

"माझ्यासोबत. मी पहिल्या दिवशी आली तवा मागच्या दारात तुमी मले ताट दिलं. मी रडून रायली होती, घास जात नोता. तुमी आपलं ताट आणलं, खाली माझ्यासमोर बसल्या अन् म्हणल्या, सावकाश जेव, तुहं ताट कोणी नेत नाई."

मले आठवेना. देवाशपथ आठवेना. चैत्र आठवला, मागचं दार आठवलं, तिचे दोन लुगडे आठवले. मी खाली बसली होती हे आठवलं नाई. तेव्हा माझ्याकडे चारच टेबल होते, पाट्या नोत्या, अन् प्रणाली पाचवीत होती. त्या रुख्मिणीले मी कुठं ठेवून दिलं, मलेच ठाऊक नाई. दोन वर्षं ज्या गोष्टीवर मी जळून रायली ती माझ्याच मागच्या दारातून गेली होती, अन् मी गल्ल्यावर उभी होती.

मंग पंचफुलाच म्हणली, प्रणाली काल येऊन गेली, साक्षगंधाचं विचारून गेली. मी हो म्हणलं नाई अजून. तुमी नाई म्हणा तं मी नाई म्हणते, ताई. तुमच्या शब्दाबाहेर नाई.

ज्यासाठी आली होती ते मले न मागता भेटलं. आता फक्त मान हलवाची होती. मी तिच्या ताटाकडे पायलं. चतकोर भाकर उरली होती, अन् ती खात नोती. माझा शेवटचा घास पानात होता म्हणून ती थांबली होती.

मी म्हणलं, "पंगत इथंच बसू दे. पण भरीत मी करीन, तुराट्यावर. तुह्या भरतात मीठ कमी असते."

ती हसली. म्हणे, हो ताई, असते. मोरोपंत सरांले बीपी हाय. त्याईच्यासाठी वेगळं काढलं तं ते म्हणतात, मी काय आजारी माणूस हाव का? मंग साऱ्यांचंच कमी टाकते, अन् वाटी ठेवते टेबलावर.

घ्या. तिच्यात खोट काढाले एक मीठच उरलं होतं माझ्याजवळ, तेबी गेलं. मी शेवटचा घास खाल्ला अन् उठली. दारातून बाहेर निघताना डोळे भरून आले, ते मिरचीनं आले असं कोणाले वाटत असंन तं वाटू द्या.

साक्षगंध झालं. पाहुणे जेवले. पोराच्या मामानं भरताचे बोटं चाटले अन् पंचफुलाले म्हणे, वा बाई, भरीत म्हणजे भरीत! माझं रक्त उकळलं. तिनं लगेच सांगतलं, भरीत ताईचं हाय म्हणून, पण म्हणून काय झालं, पहिलं नाव तिचंच निघालं ना. प्रणाली एका कोपऱ्यात सासरच्या मानसांत बसली होती, सारे निवांत, कोणी घड्याळ पाहून नाई रायलं. पोरीनं दुरून माझ्याकडे पायलं. मी तोंड फिरवलं, पण मले बरं वाटलं.

मोरोपंत सरांले आम्ही बोलावलं होतं. तेच शेवटचे उरले. सारे उठून हात धुवाले गेले अन् सर आपले एकेक घास चावून रायले. त्याईच्या पानात भरताचा एक लहान गोळा बाजूले ठेवलेला. तो मी सकाळी वेगळा केला होता, बिनमिठाचा, पण कोणाले सांगतलं नोतं. सरांनी मले पायलं तं आपोआप घाई करू लागले, घास मोठा घेतला.  बारा वर्षं जेवला हा माणूस माझ्याकडे, अन् मले पाहून घाई करते.

मी ताट वाढून घेतलं अन् जाऊन त्याईच्यासमोर बसली.

"सर, सावकाश. मी आत्ताच सुरू करून रायली."

सरांनी चष्म्यातून माझ्याकडे पायलं. मग भरताच्या गोळ्याकडे बोट केलं अन् म्हणाले, "रुख्मिणीबाई, हा मी शेवटी खातो."

म्हणलं, माहीत हाय.

तेवढ्यात पंचफुला आपलं ताट घेऊन आली. आली अन् थबकली. तिच्या खुर्चीवर मी होती. ती तशीच उभी रायली, ताट हातात, काय करावं समजेना, अन् तिच्या तोंडावर ते आलं जे दोन वर्षं रोज माझ्या तोंडावर होतं. मी ते बरोबर ओळखलं. माझ्याहून जास्त ते कोण ओळखणार?

मी भाकर मोडली, भरताले लावली अन् खाल्ली. लय गोड लागली. मंग मी पायानं बाजूची खुर्ची तिच्याकडे सरकवली.